डावीकडे बाई बसलीये

नाकोंग इंजिन बंद करते, उतरते,
पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करते,
इकडे कट्, वळसा घालून तिकडे कट्.
मग चिखलात काठी खुपसून बघते.
काठी घोटाभर जाते, गुडघाभर जाते,
पुढे नाकोंग मोजायचं सोडून देते.

नारुसच्या खोऱ्यातली ही काळी माती
उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा तिच्यात साप मावतो.
जूनमध्ये तिच्यात गाडी मावते.

मागे मक्याच्या पिठाची अकरा पोती,
रेडिओची बॅटरी, चौकीवरच्या पोरांचा थकलेला पगार,
आणि पोत्यांवर मी.
पाने माझ्याकडे असतात म्हणून माझं नाव स्पॅनर.
लोमोंगिन फक्त आई म्हणते, तेही रागात.

डावीकडे गवत आहे, जमीन जरा चढाची, कडक.
तिकडून मागच्या आठवड्यात कुणीतरी गाडी काढलीये,
त्याच्या आधीही कुणीतरी.
एक वाट होती तिच्या पाच झाल्या,
भावकीत वाटण्या झाल्यासारख्या,
आणि मधल्या गवताला आता कुणी वाली नाही.

"डावीकडून घे ना," मी म्हणतो.
"डावीकडे बाई बसलीये."
मला दिसत नाही.
मग दिसते. टिटवी, उघड्या जमिनीवर,
पोटाखाली खडे किती, अंडी किती, तिचं तिलाच ठाऊक.
उठत नाही. नुसती आमच्या नावाने ठणाणा करते.
आमची गाडी तीन टनांची, ती मूठभर,
आणि भांडणात आम्ही हरलेलो.

तर मग मधूनच.
लो रेंज, दुसरा गिअर.
"हलायचं नाही," नाकोंग स्वतःच्याच पायाला बजावते.
गाडी रेड्यासारखी नाक खाली घालून उतरते,
काच काळी होते, वायपर दोन फेऱ्यांत हात टेकतो.
निम्मं जातो.
निम्म्याहून थोडं जास्त.
मग फक्त चाकं जात राहतात.

जॅक लावला, गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली गेला.
त्याच्याखाली फळी दिली, फळीही गेली.
विंचची तार गेल्या वर्षी तुटली,
नव्या तारेचा अर्ज अजून कंपालाच्या वाटेवर आहे,
त्याचीही गाडी रुतली असेल.
हत्तींनी मोडून टाकलेल्या बाभळीच्या फांद्या
मी ओढून आणतो, काटे हातात, शिव्या तोंडात.
नाकोंगची चप्पल चिखलात राहते.
ती कोपरापर्यंत हात घालून काढते, पुसते, पायात घालते.
टायर कापून केलेली चप्पल आहे ती.
टायर आधीच्या गाडीचा.
ती गाडी पलीकडच्या ओढ्याने नेली.
चालवत होता तिचा भाऊ, लोचोरो, त्याला नेलं नाही,
पण तेव्हापासून तो शेळ्या वळतो
आणि पाणी दिसलं की शेळ्यांनाच आधी विचारतो.

उन्हं कलता कलता हत्ती आले. सात.
आमच्यापासून पन्नास पावलांवर, त्याच चिखलातून,
पुढच्याने पाय उचलला की मागच्याचा पाय त्याच खड्ड्यात.
बूच काढल्यासारखा आवाज, एकेका पायाला एकेक.
बघितलंही नाही आमच्याकडे कुणी,
एक पिल्लू सोडून. ते थांबलं, सोंड लांबवली,
आईने ढुशी दिली, गेलं.
नाकोंग म्हणाली, "बघ. आणि वाट एकच."

अंधार पडता पडता सुटलो.
चौकीवर पोरं उपाशी, चिडलेली: एवढा उशीर?
"वाटेत बाई होती," नाकोंग म्हणाली
आणि हात न धुता जेवायला बसली.

चौथ्या दिवशी परत निघालो.
टिटवी तिथेच, आवाजही तोच.
आमच्या चाकोरीत वीतभर पाणी साचलेलं,
त्यात बेडकांच्या अंड्यांची लांबच लांब माळ,
बरोब्बर डाव्या चाकाच्या रेषेत.
नाकोंगने इंजिन बंद केलं.
बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसली.
मी काही काम नसताना
पेटीत स्पॅनर शोधायला लागलो.